सोने डोंगरात शोधावे की केरात?

सोन्याचा भाव चढू लागला की सोन्याच्या गप्पाही वाढतात. मोरिवली औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर बसावे, म्हणजे या गप्पा आपोआप कानावर पडतात. कोणी मोबाइलवर पाहिलेले असते की ऑस्ट्रेलियातला एक मनुष्य सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन रानात जातो आणि संध्याकाळी सोन्याचा खडा घेऊन घरी येतो. कोणी सांगतो की अमुक जिल्ह्यात सोन्याची मोठी खाण निघाली. मग लेथवर काम करणारा एखादा तरुण हळूच विचारतो, "चाचा, मलंगगडाच्या पायथ्याला किंवा बदलापूरजवळ उल्हास नदीच्या वाळूत असे काही सापडेल का? यंत्र तर विकत मिळते."

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हातात काम कमी आणि घरात खर्च जास्त असला की माणूस जमिनीकडेही आशेने पाहतो. म्हणून या आठवड्यात सोन्याच्या खाणी, छंद म्हणून सोने शोधणारे लोक आणि आपल्या भागात त्याची शक्यता किती, याची सरळ माहिती देण्याचा विचार आहे. बंधूंनो, शेवटपर्यंत वाचा. सोने आपल्या जवळ नाही असे नाही, पण ते बहुतेकांच्या कल्पनेतल्या जागी नाही.

चांगली खाण कशाला म्हणतात?

खाणीची प्रत ठरते ती एका टन दगडातून किती ग्रॅम सोने निघते यावर. एक टन म्हणजे दहा लाख ग्रॅम. कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर तालुक्यात हट्टी येथे आपल्या देशातील प्रमुख चालू खाण आहे. तेथे एक टन दगड फोडून, दळून, धुऊन जेमतेम तीन-चार ग्रॅम सोने हाती येते. म्हणजे एका हलक्या अंगठीसाठी ट्रकमध्ये मावेल एवढा दगड बारीक पिठासारखा दळावा लागतो. हट्टीला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांनी सोन्यासाठी खोल खोदकाम केले होते, याच्या खुणा तेथे सापडल्या आहेत. आजची कंपनी १९४७ साली निजामाच्या राज्यात 'हैदराबाद गोल्ड माइन्स' या नावाने सुरू झाली.

कर्नाटकातीलच कोलार गोल्ड फिल्ड्सचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १८८० मध्ये जॉन टेलर आणि कंपनीने तेथे मोठ्या प्रमाणावर काम सुरू केले. सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरच्या काळात त्या खाणींनी आठशे टनांहून अधिक सोने दिले. खाणी तीन किलोमीटरपेक्षा खोल गेल्या. जसजशी खोली वाढली तसतसे दगडातील सोने घटले आणि खर्च वाढला. शेवटी २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. आज भारतात खाणींतून वर्षाला निघणारे सोने दोन टनांच्या आसपासही क्वचितच जाते आणि आपण बाहेरून आणतो वर्षाला सातशे-आठशे टन.

जगातील श्रीमंत खाणींचे उदाहरण द्यायचे तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील बेंडिगो शहराजवळची फॉस्टरव्हिल खाण घ्यावी. २०१९ साली या एका खाणीने सुमारे ६ लाख १९ हजार औंस, म्हणजे १९ टनांहून अधिक सोने काढले. टनामागे प्रमाण होते सुमारे ४० ग्रॅम. पुढे हे प्रमाण उतरले. पण त्या वर्षीचा हा आकडा खाण व्यवसायात फार मोठा मानला जातो. हा ४० चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

श्रीमंत खाण शेजारी असून छांदिष्टाला काय लाभ?

व्हिक्टोरियात हजारो लोक छंद म्हणून सोने शोधतात. तेथील सरकार 'मायनर्स राइट' नावाचा परवाना देते. थोडी फी भरली की तो दहा वर्षे चालतो. परवानाधारकाने हातातील साधी अवजारे वापरायची, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी घ्यायची, खोदलेला खड्डा बुजवायचा. सापडलेले सोने त्याचे. १८६९ साली मोलियागुल येथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना झाडाच्या मुळाशी, मातीच्या अगदी वरच्या थरात, एक गोळा सापडला. त्यातून सत्तर किलोंहून अधिक शुद्ध सोने निघाले. 'वेलकम स्ट्रेंजर' या नावाने तो गोळा प्रसिद्ध आहे. असे काही एकदा घडले की त्याच्या कथेवर पुढच्या पिढ्या चालत राहतात.

परंतु येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फॉस्टरव्हिलचे ते भरघोस सोने जमिनीखाली सुमारे हजार मीटर खोल होते. हातातले यंत्र वीत-हातभर खोलीपर्यंतचा खडा ओळखते. छांदिष्टाला मिळते ते डोंगरातील सोन्याची शीर लाखो वर्षे ऊन-पावसाने झिजून मातीत आणि ओढ्यात पसरलेले सोने. म्हणजे खाण कितीही श्रीमंत असली तरी तिच्या कुंपणाबाहेर यंत्र घेऊन फिरणाऱ्याला त्या श्रीमंतीचा वाटा मिळत नाही. तेथेही बहुतेक लोक रिकाम्या हाताने किंवा खिळे आणि जुन्या डब्यांची झाकणे घेऊन परततात. ज्यांना सापडते त्यांचीच चित्रफीत आपल्यापर्यंत पोहोचते.

आपल्या देशात झारखंडच्या सुवर्णरेखा नदीकाठी काही आदिवासी कुटुंबे आजही वाळू धुऊन सोन्याचे कण काढतात. दिवसभर कंबरभर पाण्यात उभे राहिल्यावर तांदळाच्या दाण्याहून लहान कण मिळतो. तो छंद नव्हे. दुसरे काम नसलेल्या माणसाची ती मजुरी आहे.

मोरिवलीच्या खाली काय आहे?

मोरिवली, अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर हा सारा भाग काळ्या कातळावर वसला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा कातळ तयार झाला. अंबरनाथचे १०६० सालचे प्राचीन शिवमंदिर याच काळ्या दगडात घडलेले आहे. या कातळातून खडी मिळते, बांधकामाचा दगड मिळतो, पोकळीत कधी गारगोटीचे सुंदर स्फटिक मिळतात. कामाच्या सोन्याची शीर मात्र या दगडात नसते. डोंगरात शीर नाही म्हणून नदीच्या वाळूतही कण नाहीत. उल्हासच्या पात्रात चमकणारे काही दिसले तर ते अभ्रक, काच किंवा गारगोटी समजावी.

महाराष्ट्रात सोन्याच्या नोंदी आहेत त्या पूर्व विदर्भात, जेथे जमिनीचा थर फार जुना आहे. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुक्यात परसोडी, किटाडी, मरुपार या पट्ट्यात सरकारी भूवैज्ञानिकांनी सोन्याचे साठे नोंदविले आहेत. २०२२ साली तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सोन्याचे संकेत असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. संकेत आणि खाण यांत फार अंतर असते. दगडात सोने असणे वेगळे आणि ते काढून नफा उरणे वेगळे.

अफवांचे काय होते, याची दोन उदाहरणे ताजी आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टन सोने सापडल्याची बातमी देशभर पसरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला की तेथे सुमारे ५२ हजार ८०० टन खनिज आहे, टनामागे तीन ग्रॅमच्या आसपास प्रमाण आहे आणि एकूण सोने निघेल ते १६० किलोच्या आसपास. दुसरे उदाहरण २०२५ चे. एका चित्रपटात बुऱ्हाणपूरचा उल्लेख आल्यानंतर आपल्या सीमेलगतच्या असीरगड परिसरात लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणू लागले. मोगलांच्या काळातील नाणी निघतात अशी हूल उठली होती. शेतकऱ्यांच्या शेतांत खड्डे पडले आणि शेवटी पोलिसांना यावे लागले.

कायदा काय सांगतो?

ऑस्ट्रेलियासारखा छंदाचा परवाना आपल्याकडे नाही. १९५७ च्या खाणी आणि खनिजे कायद्यानुसार परवान्याशिवाय सोन्याचा शोध घेणे किंवा ते काढणे हा गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सोन्याच्या खाणपट्ट्यांचा लिलाव होतो आणि तो मोठ्या कंपन्यांचा खेळ आहे. २०२३ साली शोधकार्यासाठी वेगळा परवाना आला. तोही कंपन्यांसाठीच सोयीचा आहे.

जमिनीत पुरलेले जुने नाणे किंवा दागिना सापडला तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. लपविली तर हाती येणारा हिस्साही जातो आणि वर शिक्षा होते.

आणखी एक सावधगिरी. "खोदकामात सोन्याची माळ सापडली, गुपचूप स्वस्तात घ्या" असे सांगणारा मनुष्य दुकानात आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. तो आधी एक-दोन मणी खऱ्या सोन्याचे दाखवितो आणि नंतर पितळेची माळ गळ्यात मारतो. चोरीचा माल स्वस्तात घेण्याचा मोह ज्याला झाला, त्याला पोलिसांत जाण्याचीही लाज वाटते. ठगाचे सारे भांडवल हेच असते.

झारेकऱ्यांची शिकवण

आता मुद्द्याकडे येऊ. आपल्या पूर्वजांनी सोने शोधण्याची एक जागा फार पूर्वीच ओळखली होती. इंग्रजी अमदानीतील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये मुस्लिम समाजातील झारेकरी या कारागिरांची नोंद आहे. सोनाराच्या दुकानातील केर, भट्टीची राख आणि गटाराचा गाळ ते विकत घेत, धुऊन काढीत आणि त्यातून सोने-चांदी वेगळी करीत. उत्तरेकडे हेच काम करणाऱ्यांना नियारिये म्हणतात. विदर्भात सोनझारी समाजाचे लोक नदीची वाळू आणि सराफ्याची धूळ या दोन्हींवर पोट भरीत.

त्यांची रीत साधी होती. केर जाळून त्याची राख करायची, कुटून चाळायची, पसरट भांड्यात पाण्याबरोबर हेलकावे देऊन हलकी माती वाहू द्यायची. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड आहे. ते तळाशी बसते. उरलेला गाळ मुशीत टाकणखार घालून वितळवायचा आणि निघालेली गुंज कसोटीवर घासून पाहायची. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरेटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडविण्यावर बंदी आली, तेव्हा हजारो सोनारांचे काम गेले आणि सोनाराच्या केरावर जगणाऱ्यांचेही गेले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. पण तुटलेले धंदे पूर्वीसारखे जुळले नाहीत.

आता तो ४० चा आकडा पुन्हा आठवा. सोनाराच्या किलोभर केरात केवळ एक ग्रॅम सोने असले, तर टनाच्या हिशेबाने ते हजार ग्रॅम झाले. जगातील नामांकित खाणीच्या चांगल्या वर्षापेक्षा पंचवीस पट श्रीमंत खनिज आपण रोज सकाळी केरसुणीने लोटून बाहेर टाकतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

जुन्या मोबाइलचा खरा हिशेब

दुसरी जागा म्हणजे विजेच्या वस्तूंचे भंगार. मोबाइल, संगणक यांच्या सर्किट बोर्डवर आणि जोडपिनांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, कारण सोने गंजत नाही. बॅटऱ्या काढलेल्या एक टन मोबाइलमध्ये तीनशे ग्रॅमच्या आसपास सोने असते असे सर्वत्र सांगितले जाते. हट्टीच्या दगडाशी तुलना केली तर ते शंभर पट भरते. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२ टक्क्यांच्या आसपासच रीतसर पुनर्वापराला गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात नोंदले आहे. चीन आणि अमेरिकेनंतर सर्वाधिक ई-कचरा आपल्या देशात होतो.

हे वाचून लगेच उडी मारू नये. कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा माल यांत तफावत असते. टोकियो ऑलिम्पिकची पदके बनविण्यासाठी जपानने सुमारे ६२ लाख मोबाइल आणि त्याखेरीज हजारो टन इतर उपकरणे जमविली. उत्तम कारखान्यांतून त्यातून ३२ किलो सोने मिळाले. सारे सोने मोबाइलचेच धरले तरी फोनमागे पाच मिलिग्रॅम पडते. म्हणजे शंभर फोन जमविले तर अर्धा ग्रॅम. जुन्या टीव्ही-रेडिओच्या बोर्डात तर सोने त्याहून फार कमी असते. एकट्या छांदिष्टाला यातून मजुरीही सुटत नाही. ज्याच्याकडे टनावारी माल येतो आणि ज्याला तो वर्गवार लावता येतो, त्यालाच हा धंदा परवडतो.

तेजाबाची किंमत

याच ठिकाणी काही तरुण घात करून घेतात. ओळखीच्या घरातील एका मुलाने दोन गोण्या जुने बोर्ड विकत घेतले, कोठून तरी तेजाबाचे कॅन आणले आणि घराच्या मोरीत दार लावून काम सुरू केले. बादलीतून तांबूस धूर निघू लागला. खोकला आला तेव्हा त्याने तोंडाला ओला रुमाल बांधला. संध्याकाळी बरे वाटले म्हणून जेवला आणि झोपला. मध्यरात्री त्याला श्वास घेता येईना. दवाखान्यात काही दिवस काढून तो वाचला. शेवटी निघालेली गुंज सराफाने वजनात घातली तर ती अर्धा ग्रॅमही भरली नाही. औषधपाण्याचा खर्च त्याच्या अनेक पट झाला होता. त्याची आई मला म्हणाली, "भाईजान, आम्ही तर सोनं निघतंय म्हणून शेजारणींना सांगत होतो."

शोरकाम्लाचा, म्हणजे नायट्रिक तेजाबाचा तो तांबूस धूर फुप्फुसावर काही तासांनी परिणाम करतो. म्हणून माणूस गाफील राहतो. सोने पाऱ्यात मुरवून नंतर पारा उडविण्याची जुनी रीतही तितकीच घातक. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. ती मेंदू आणि मूत्रपिंडे पोखरते, पोटातल्या बाळालाही सोडत नाही. सायनाइड तर घरात आणण्याची वस्तूच नाही. त्याला तेजाब लागले की प्राणघातक वायू सुटतो. उघड्यावर बोर्ड जाळल्याने शिसे आणि विषारी धूर पसरतो आणि शिशाचा पहिला फटका लहान मुलांच्या बुद्धीला बसतो. जुन्या झारेकऱ्यांनीही पारा वापरला आणि त्याची किंमत त्यांच्या शरीरांनी मोजली. त्यांचा काटकसरीचा गुण घ्यावा, पारा घेऊ नये.

वापरलेले तेजाब मग जाते कोठे? मोरीतून गटारात आणि गटारातून वालधुनीत. अंबरनाथच्या मंदिराजवळून वाहत उल्हासनगर-कल्याणकडे जाणाऱ्या या नदीची आज काय अवस्था आहे, हे येथील रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. २०१४ च्या अखेरीस या नदीत सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगर परिसरातील शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दवाखाने गाठावे लागले होते. मोठ्या कारखान्यांना दोष देताना आपल्या मोरीतून काय वाहते हेही पाहिले पाहिजे. शेजाऱ्याला त्रास देऊन कमावलेल्या पैशात बरकत कशी राहील?

मग करावे काय?

पहिली गोष्ट सोनारकाम आणि पॉलिशचे काम करणाऱ्या कारागिरांसाठी. आपली घट मोजा. रोज सकाळी दिलेले सोने आणि संध्याकाळी परत आलेले सोने वहीत लिहा. समजा, एका कामगाराच्या हातून दिवसाला दहावा भाग ग्रॅम झडले, तर तीनशे दिवसांत तीस ग्रॅम झाले. तीन तोळ्यांच्या आसपास! घासकाम करताना मांडीवर चामडे किंवा पुढे खण ठेवा. पॉलिशच्या चाकामागे धूळ ओढणारा डबा बसवा. हात धुण्याचे पाणी थेट मोरीत न सोडता टाकीत साठवा आणि गाळ बसू द्या. झाडू, जुना एप्रन, घासलेला कागद, तुटलेली मूस हे सारे वेगळ्या डब्यात टाका. फरशीच्या फटी सिमेंटने बुजवा. वर्षातून एकदा-दोनदा हा माल चांगल्या रिफायनरीला द्या.

दुसरी गोष्ट, माल देताना डोळे उघडे ठेवा. शक्य तर आपल्यासमोर वितळवून लगड करून घ्यावी, वजन लिहून घ्यावे, नमुना कापून कस तपासावा. यंत्राने वरवर पाहिलेला कस आणि वितळवून केलेली तपासणी यांत फरक पडतो, तेव्हा मोठा माल असेल तर दोन ठिकाणी विचारावे. पावती घेतल्याशिवाय माल सोडू नये.

तिसरी गोष्ट भंगाराच्या व्यापाऱ्यांसाठी. येथे खरी कमाई निवडण्यात आहे. मोबाइल, संगणकाचे मुख्य बोर्ड, मेमरी, टीव्हीचे बोर्ड, तारा, सारे एकाच भावात एकत्र विकणारा आपल्या मालातील मलई दुसऱ्याला देतो. वर्गवार ढीग लावा, बॅटऱ्या आधी वेगळ्या करा, काहीही जाळू नका, तेजाबाला हात लावू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे पुनर्वापर करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. आपला माल अशा नोंदणीकृत कारखान्यालाच द्यावा. एकट्याकडे गाडीभर माल होत नसेल तर चार-पाच दुकानदारांनी मिळून द्यावा. भाव चांगला मिळतो आणि कागदही स्वच्छ राहतात. दुरुस्त होण्यासारखा फोन किंवा संगणक तर तोडूच नये. चालू वस्तूची किंमत तिच्यातल्या सोन्यापेक्षा नेहमीच जास्त असते.

चौथी गोष्ट जरीची. जुन्या पैठणी आणि बनारसी शालूंच्या खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे. दारोदार जाऊन जुनी जरी घेणाऱ्यांना हे माहीत असते, विकणाऱ्या घरातल्या बायकांना नसते. घरात आजीचा शालू असेल तर तो वजनावर देण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. आणि आपण घेणारे असाल तर खरा भाव सांगा. हल्लीची बहुतेक जरी तांब्याची किंवा प्लॅस्टिकची असते, म्हणून घेणाऱ्यानेही दोरा जाळून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

व्यवहार स्वच्छ ठेवावा

सोनाराच्या धुळीचा सौदा आपल्या फिक्हच्या ग्रंथांत शतकानुशतके चर्चिला गेला आहे. धुळीत सोने किती हे विकणाऱ्याला माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही, ही त्यातील अडचण. सोन्याच्या बदल्यात सोने घ्यायचे तर वजन समान आणि देवघेव हातोहात हवी. ज्या धुळीतील सोन्याचे वजनच ठाऊक नाही, ती सोन्याच्या बदल्यात देता येत नाही. बाजाराच्या दृष्टीनेही हीच वाट फायद्याची आहे. आधी धुवा, वितळवा, तोला; मग रोख पैशात विका. पुढचे बारकावे आपल्या जवळच्या आलिमांना विचारून घ्यावेत. अंदाजावर झालेल्या सौद्यात बहुतेक वेळा गरीब कारागीर बुडतो, कारण त्याला अंदाज कमी असतो आणि गरज जास्त.

ज्यांना सोने शोधण्याचा निव्वळ छंदच आहे, त्यांनी यंत्रावर हजारो रुपये घालण्याआधी एक प्रयोग करावा. एखाद्या सोनार मित्राच्या दुकानातील आठवड्याचा केर मागून घ्यावा. पसरट घमेल्यात पाणी घेऊन तो हलक्या हाताने धुवावा. तेजाब नको, पारा नको. तळाशी पिवळी रेघ दिसली की ती मित्राला परत नेऊन दाखवावी, कारण ती त्याची आहे. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते पाहावे. आपल्या दुकानातून वर्षानुवर्षे काय वाहून गेले, हे त्याला त्या दिवशी कळेल आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मोरीला टाकी बसेल.

टपरीवर प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाला हेच सांगितले. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "चाचा, आमच्या कारखान्यात मुलामा देण्याच्या टाकीखाली गाळ साचतो, तो आम्ही फेकून देतो." त्याला म्हटले, "बेटा, उद्या शेठला विचार, त्या गाळात काय आहे ते कधी तपासले का? आणि हो, हात लावण्याआधी हातमोजे घाल."